श्वासाचे ऋण : योगाचार्य स्वामी कुवलयानंद यांचे चरित्र



आपल्या संघाच्या वार्षिक स्मरणिकेत आपल्या ज्ञातीतील कर्तृत्ववान स्त्रीपुरुषांची चरित्रे देण्याचा प्रघात आहे व तो योग्यच आहे. नव्या पिढीला आपल्या वाडवडिलांची ओळख व्हावी, हा त्यामागील हेतू. या वर्षी संपादक मंडळाने मजकडे लेखाची मागणी केली तेव्हा मात्र मी एक सवलत मागून घेतली. ज्यांच्या चरित्राने मला स्वतःला सावरले, त्या पुरुषाविषयी लिहू द्यावे, मग त्यांचा जन्म कोठल्या का घरी झालेला असेना, अशी ती विनंती होती. मंडळाने ती मान्य केली, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. विहीर कोणी खणली हे तहानलेला विचारीत नाही. पाणी पिऊन झाल्यावर मात्र खणणाऱ्याचे नाव लक्षात ठेवणे हे त्याचे कर्तव्य ठरते. ते कर्तव्य या लेखाने यथाशक्ति पार पाडण्याचा विचार आहे.

हे पुरुष म्हणजे लोणावळ्याच्या कैवल्यधाम संस्थेचे संस्थापक स्वामी कुवलयानंद होत. त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेतील डभोई या गावी एका मराठी कुटुंबात झाला. डभोई त्या काळी बडोदे संस्थानात मोडत असे. वडील गणेश लक्ष्मण गुणे हे शिक्षक होते व मातोश्रींचे नाव सरस्वती. शिक्षकाच्या घरी सरस्वती नांदली तरी लक्ष्मी क्वचितच फिरकते, हा अनुभव आपणांपैकी पुष्कळांच्या घरचा आहे. गुणे कुटुंबही त्यास अपवाद नव्हते. लोकांच्या साहाय्यावर काही अंशी अवलंबून राहून जगन्नाथाला आपले शिक्षण पुरे करावे लागले. परंतु गरिबीने त्याच्या बुद्धीस गंज चढू दिला नाही. १९०३ साली तो मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला आणि संस्कृत विषयातील प्रावीण्याबद्दल त्याला मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. त्या शिष्यवृत्तीच्या आधारे त्याने बडोदे कॉलेजात प्रवेश घेतला. १९१० साली तो पदवीधर झाला.

ते दिवस मोठे भारावलेले होते. बडोदे कॉलेजात तेव्हा अरविंद घोष अध्यापन करीत होते, आणि लोकमान्य टिळकांच्या विचारांनी तरुणांची मने पेटलेली होती. जगन्नाथपंतांच्या मनावर या दोघांचाही खोल ठसा उमटला. देशसेवेला आड येईल असा कोणताच पाश असू नये म्हणून त्यांनी याच वयात आजन्म ब्रह्मचर्याचे व्रत स्वीकारले. कित्येक तरुण असे व्रत घेतात व कालांतराने ते विसरतात. यांनी ते अखेरपर्यंत पाळले.

याच बडोद्यात त्यांना पहिले गुरू लाभले. जुम्मादादा व्यायाम मंदिराचे राजरत्न माणिकराव हे देशी व्यायामविद्येचे थोर आचार्य होते. कुस्ती, मल्लखांब, लाठी यांत ते निष्णात होतेच, शिवाय मोडलेले हाड बसविण्याच्या कलेतही त्यांचा हातखंडा होता. १९०७ ते १९१० या काळात जगन्नाथपंतांनी त्यांच्याजवळ शिस्तीने व्यायामाचे शिक्षण घेतले. आखाड्याच्या मातीत त्यांनी जे मिळविले ते पुढे योगाच्या क्षेत्रातही त्यांच्या उपयोगी पडले. शरीर कसे वाढते, कोठे ताणले जाते व कोठे मोडते, हे त्यांना ग्रंथांपूर्वी आपल्या अंगावरून कळले होते.

पदवी मिळाल्यावर सरकारी नोकरीच्या वाटेने न जाता ते खानदेशात अमळनेर येथे आले. सर्वसामान्य जनतेचे अज्ञान व अंधश्रद्धा त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. शिक्षणावाचून हा देश उठणार नाही, अशी त्यांची खात्री झाली होती. खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या उभारणीत त्यांनी भाग घेतला व पुढे तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. राष्ट्रीय वृत्तीमुळे त्या महाविद्यालयावर सरकारची वक्रदृष्टी झाली व अखेर ते बंद पडले. तरीही १९२३ पर्यंत ते विद्यार्थ्यांना भारतीय संस्कृतीचे पाठ देत राहिले. मी स्वतः आयुष्यभर मास्तरकी केली असल्यामुळे त्यांच्या चरित्रातील हा भाग मला विशेष जवळचा वाटतो. स्वामी होण्यापूर्वी ते शिक्षक होते, आणि स्वामी झाल्यानंतरही ते शिक्षकच राहिले.

१९१९ साली त्यांच्या जीवनाला कलाटणी मिळाली. नर्मदेच्या काठी बडोद्याजवळ मालसर नावाचे स्थान आहे. तेथे परमहंस माधवदासजी हे वृद्ध योगी राहत असत. ते मूळचे बंगालचे. जगन्नाथपंत त्यांच्या दर्शनास गेले आणि शिष्य होऊन राहिले. माधवदासजींपाशी त्यांना योगाची गुह्य समजली जाणारी अंगे शिकावयास मिळाली. हे सान्निध्य फार काळ टिकले नाही, कारण १९२१ साली माधवदासजींनी देह ठेवला. परंतु जे बीज पडावयाचे ते पडले होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. गुरूवर त्यांची पूर्ण निष्ठा होती. योगक्रियांचे परिणाम ते आपल्या देहात अनुभवीत होते. एखादा सामान्य शिष्य एवढ्यावर संतुष्ट झाला असता व त्याने मठ स्थापून पूजा सुरू केली असती. परंतु जगन्नाथपंत आधुनिक विद्येचे पदवीधर होते. योगाने अमुक होते, तमुक होते असे जे सांगितले जाते, ते खरे असेल तर ते यंत्रावरही दिसले पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले. १९२० ते १९२१ च्या सुमारास त्यांनी आपल्या काही विद्यार्थ्यांच्या साहाय्याने बडोद्याच्या रुग्णालयात उड्डियान बंध व नौली या दोन क्रियांची तपासणी केली.

या क्रिया ज्यांना ठाऊक नसतील त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण करतो. श्वास पूर्णपणे बाहेर सोडावयाचा, आणि मग हवा आत न घेता छाती फुगविल्यासारखी वर उचलावयाची. असे केले की पोट आत व वर खेचले जाऊन पाठीस लागल्यासारखे दिसते. हा उड्डियान बंध. त्याच अवस्थेत पोटाचे मधले स्नायू तेवढे दोरखंडाप्रमाणे पुढे काढले म्हणजे नौली होते. नौली करणारा साधक नळीच्या द्वारे गुदमार्गाने पाणी आत ओढून घेऊ शकतो, हे योग्यांना पूर्वापार माहीत होते. मात्र ते पाणी का चढते, याचा उलगडा कोणी मोजमापाने केलेला नव्हता. कुवलयानंदांनी दाब मोजण्याचे यंत्र लावून दाखविले की, नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरील हवेच्या दाबाहून खाली उतरतो व म्हणून पाणी आपोआप आत शिरते. क्ष-किरणांच्या साहाय्यानेही त्यांनी पोटातील हालचाली पाहिल्या. या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूचे, माधवदासांचे नाव दिले. शोध स्वतःचा असता नाव गुरूचे द्यावे, यात त्यांची कृतज्ञता दिसून येते.

१९२४ साली त्यांनी लोणावळा येथे कैवल्यधाम या संस्थेची स्थापना केली. त्याच वर्षी योग-मीमांसा हे इंग्रजी त्रैमासिकही सुरू झाले. त्यात एक विभाग प्रयोगांचा असे व दुसरा सर्वसामान्य वाचकांना आसने व प्राणायाम समजावून देणारा असे. पुण्या-मुंबईच्या मध्यावर, सह्याद्रीच्या माथ्यावर, एका बाजूला साधकांची कुटी व दुसऱ्या बाजूला प्रयोगशाळा असे हे अपूर्व स्थान होते. आज योगाविषयी वैज्ञानिक संशोधन ही सर्वत्र ऐकू येणारी गोष्ट झाली आहे. शंभर वर्षांपूर्वी तिचा पाया घालणाऱ्यांत स्वामींचे स्थान अग्रभागी आहे.

त्यांच्या सत्यनिष्ठेचे एक उदाहरण मला नेहमी आदर्श वाटत आले आहे. प्राणायामाने शरीरात फार मोठ्या प्रमाणावर प्राणवायू जातो व त्यामुळेच आरोग्य लाभते, अशी समजूत तेव्हा होती व आजही ती पुष्कळांच्या तोंडी आहे. योगाचा पुरस्कर्ता असलेल्या माणसास ही समजूत सोयीची होती. परंतु स्वामींनी श्वासोच्छ्वासातील वायूंचे मोजमाप केले तेव्हा असे दिसून आले की, प्राणायामाच्या संथ आवर्तनात शरीर नेहमीच्या श्वसनाहून अधिक प्राणवायू घेते असे म्हणता येत नाही. त्यांनी हा निष्कर्ष न लपविता प्रसिद्ध केला आणि प्राणायामाचे खरे मोल अन्यत्र, मज्जासंस्थेवर व मनावर होणाऱ्या परिणामांत शोधावयास हवे असे प्रतिपादिले. आपल्याच पक्षाच्या लाडक्या समजुतीवर स्वतःच्या हाताने कुऱ्हाड चालविण्यास धैर्य लागते. चमत्कारांच्या प्रदर्शनाला तर त्यांनी आपल्या कार्यात थाराच दिला नाही.

अशा माणसाकडे देशातील व परदेशातील विचारवंतांचे लक्ष वेधले जाणे स्वाभाविक होते. १९२७ साली महात्मा गांधींची प्रकृती रक्तदाबामुळे बिघडली असता त्यांनी स्वामींचा सल्ला घेतला व उभयतांत पत्रव्यवहार झाला. अमेरिकेतील येल विद्यापीठात संशोधन करणारे केरळीय विद्वान कोवूर बेहानन यांनी लोणावळ्यास येऊन स्वामींच्या मार्गदर्शनाखाली योगाचा अभ्यास केला व १९३७ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. स्वामींची स्वतःची आसने व प्राणायाम या विषयांवरील पुस्तके १९३१ साली निघाली. या पुस्तकांत प्रत्येक आसनाची कृती, त्याचा लाभ व त्याचा धोका अशी तिन्ही अंगे आहेत. कोणी कोणते आसन करू नये, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारे आचार्य थोडेच.

संशोधन हे मूठभर विद्वानांपुरते राहू नये, अशी त्यांची तळमळ होती. १९३२ साली मुंबईत सांताक्रूझ येथे संस्थेची शाखा निघाली. १९३६ साली ती चर्नी रोडला आली व ईश्वरदास चुनीलाल यौगिक आरोग्य केंद्र म्हणून प्रसिद्धीस आली. कचेरीत दिवसभर बसून पोटाचे विकार जडलेले मुंबईकर तेथे येऊ लागले. शाळांतील मुलांना एकत्रितपणे करता यावा असा यौगिक संघ व्यायामही त्यांनी रचला व त्यावरील पुस्तक १९३६ साली प्रसिद्ध झाले. त्यांचे दोन्ही गुरू येथे एकत्र आलेले दिसतात. आखाड्याची शिस्त माणिकरावांची आणि आसनांची स्थिरता माधवदासजींची.

पुढील काळातही कार्याचा व्याप वाढतच गेला. १९४३ साली सौराष्ट्रात राजकोट येथे शाखा निघाली. स्वातंत्र्यानंतर १९५१ साली लोणावळ्यास गोरधनदास सेक्सरिया योग महाविद्यालय सुरू झाले, आणि १९६१ साली जुनाट विकारांनी त्रस्त झालेल्या रुग्णांसाठी यौगिक रुग्णालय उघडण्यात आले. १९६३ साली डॉक्टर विनेकर यांच्या सहकार्याने लिहिलेले यौगिक चिकित्सेवरील त्यांचे पुस्तक केंद्र सरकारच्या आरोग्य खात्यामार्फत प्रसिद्ध झाले. अखेर १८ एप्रिल १९६६ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षात, त्यांनी देह ठेवला. मागे मूलबाळ नव्हते, इस्टेट नव्हती. होती ती संस्था, आणि तिच्यात तयार झालेले शिक्षक. त्यांच्यामागे स्वामी दिगंबरजींनी संस्थेची धुरा सांभाळली.

असे हे चरित्र. आता ते मजसारख्या किल्लारीच्या एका मास्तराच्या आयुष्यात कसे आले, ते थोडक्यात सांगून लेख पुरा करतो.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या भागातील कोणासही विसरणे शक्य नाही. गणेशविसर्जन करून दमलेली माणसे गाढ झोपली होती. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी भूमी हादरली. दोन दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती आणि त्यांवरील माळवदाचे मणामणाचे ओझे, ज्यांच्या आधाराने आपले पूर्वज उन्हाळ्यात गारवा व हिवाळ्यात ऊब उपभोगीत आले, तीच निजलेल्या माणसांच्या अंगावर आली. लातूर व तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजार माणसे गेली. आपल्या ज्ञातीतीलही कित्येक घरांचे दिवे त्या पहाटे विझले. त्यांची नावे मी येथे घेत नाही. ती प्रत्येकाच्या मनात आहेत.

मी त्या वेळी तिशीत होतो. मातीखाली छातीपर्यंत दबलेला असता मला लोकांनी ओढून बाहेर काढले. शरीर वाचले, परंतु श्वास बिघडला. रात्री डोळा लागला की छातीवर माती पडल्यासारखे होई व मी धडपडत उठे. नवीन वसाहतीत पक्की घरे मिळाली, तरी कित्येक कुटुंबे छताखाली निजण्यास धजत नव्हती. घरापुढे पत्र्याची शेड घालून तीत झोपत असत. मीही त्यांतलाच. पुढे शाळेच्या कपाटात स्वामींचे आसनांवरील एक जुने पुस्तक माझ्या हाती आले. तेथून माझा अभ्यास सुरू झाला. प्रथम केवळ शवासन, मग संथ श्वास, मग दोनचार सोपी आसने. चारसहा महिन्यांनी एके रात्री मी पत्र्याच्या शेडमधून उठून घरात गेलो, व छताखाली सकाळपर्यंत झोपलो. हा चमत्कार नव्हे. शरीराला विश्वास परत शिकविण्याचा तो एक पाठ होता.

उत्साहाच्या भरात मी मुलांनाही शिकवू लागलो, आणि येथे माझ्या हातून एक प्रमाद घडला. पुस्तकातील लाभांची पाने मी वाचली होती, धोक्याची पाने मात्र घाईने उलटली होती. एका मुलाला मी पुरेशी तयारी न करविता शीर्षासनात उभे केले. तो कलला व त्याची मान दुखावली. सुदैवाने तो काही आठवड्यांत बरा झाला, परंतु त्याच्या आईने मजकडे पाहिलेली नजर मी विसरलो नाही. तिने एक शब्दही उच्चारला नाही. ज्या बाईने भूकंपात दोन लेकरे गमावली होती, तिचे तिसरे लेकरू मी केवळ माझ्या उतावळेपणाने धोक्यात घातले होते. त्या रात्री मी पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचले. कान वाहणाऱ्याने, नाजूक डोळ्यांच्या माणसाने व रक्तदाब वाढलेल्याने शीर्षासन टाळावे, हे स्वामींनी तेथे निक्षून सांगितले आहे, आणि अभ्यास हळूहळू वाढविण्यावर त्यांचा सारा भर आहे. शिकविणाऱ्याने आधी स्वतःस आवरले पाहिजे, हा धडा मला त्या मुलाच्या मानेने दिला. त्यानंतर मी कोणासही शीर्षासन शिकविले नाही. त्याच्या आईची मी क्षमा मागितली. पुढे तीच माउली पहाटेच्या वर्गास येऊन बसू लागली, याहून मोठे प्रशस्तिपत्र मला मिळालेले नाही.

२०१५ सालापासून दरवर्षी २१ जून रोजी जागतिक योगदिन साजरा होतो. शाळांच्या पटांगणांवर चटया अंथरल्या जातात, छायाचित्रे निघतात. हे चांगलेच आहे. परंतु २२ जूनला किती चटया अंथरल्या जातात, हा प्रश्न आपण आपल्या घरापुरता तरी विचारावा. आपल्या ज्ञातीतील तरुण मुले आज लातूर, नांदेड, पुणे येथे शिकवणीवर्गांत दहा दहा तास बसतात. कर्ती माणसे दुकानांत व कचेऱ्यांत बसून राहतात. मधुमेह व रक्तदाब हे पाहुणे आता घरचेच होऊन बसले आहेत. औषधपाणी वैद्यांच्या सल्ल्याने अवश्य चालावे. योग हा त्याला पर्याय आहे असे मी म्हणत नाही. परंतु पहाटेची वीस मिनिटे प्रत्येकास आपल्या देहासाठी काढता येतील. त्यास ना खर्च, ना साधन. एक सतरंजी पुरते. ज्यांना शिकावयाचे आहे त्यांनी जाणत्या शिक्षकाकडून शिकावे, आणि ज्यांना थोडेबहुत येते त्यांनी शेजारच्या एकास शिकवावे, एवढीच माझी विनंती आहे.

आजही मी पहाटे चारच्या सुमारास जागा होतो. ती सवय त्या पहाटेने लावली. पूर्वी त्या वेळी मला भीती वाटे. आता मी उठून सतरंजीवर बसतो, पाठ सरळ करतो आणि पहिला श्वास सावकाश आत घेतो. ज्यांना हा श्वास मिळाला नाही त्या सर्वांची आठवण होते, ज्यांनी मला मातीतून ओढून काढले त्यांची होते, आणि नर्मदाकाठच्या त्या वृद्ध योग्याची व त्याचे नाव राखणाऱ्या शिष्याचीही होते. मग श्वास सोडतो. ऋण फिटत नाही, परंतु त्याची जाणीव राहते.

स्वामी कुवलयानंद यांच्या स्मृतीस व आपल्या गावच्या दिवंगतांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून हा लेख येथे संपवितो.